हजार पौर्णिमांची वर्षं

सासऱ्यांना एक्याऐंशीवं लागलं आणि आमच्या लातूरच्या घरात सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी सुरू झाली. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळायचं, एवढाच समारंभ. पण सासऱ्यांना तो थोरल्या बहिणीच्या हातून हवा होता. त्या कंधारला असतात, नव्वदीच्या घरात. "अक्का हाय तोवर उरका," असं रोज चालायचं.

आमचे हे बँकेत. यांनी जेवता जेवता मोबाइल काढला आणि हजाराला बारानं भागलं.

"दादा, त्र्याऐंशी वर्षं चार महिने होतात. अजून लई वेळ हाय."

सासऱ्यांनी घास ताटात ठेवला. "तोवर अक्का राहील का रे?"

"आता हिशेबच तसा येतोय, त्याला मी काय करू?"

त्यानंतर सासरे मुलाशी बोलेनात. दोघं समोरासमोर बसलेले असले, तरी "तुझ्या नवऱ्याला पंखा लावायला सांग," हा निरोप स्वयंपाकघरातल्या माझ्यामार्फत जायचा. मला तेवढाच उद्योग नव्हता.

अशात नांदेडहून माझ्या आईचा फोन आला. अधिक महिना येतोय, जावईबापूंना धोंड्याच्या जेवणाला पाठव. यांनी लगेच रजा टाकली.

मी विचारलं, "अहो, दर तीन वर्षांनी माझ्या आईकडं जाऊन पुरणाचे धोंडे खाता, वर कपडे घेऊन येता. त्या वर्षी महिने किती असतात?"

"तेरा."

"आणि पौर्णिमा?"

यांनी पुन्हा मोबाइल काढला. आतल्या खोलीतून आवाज आला, "विचार त्याला, विचार!"

ते सगळे जादा महिने धरून मी पुन्हा मांडणी केली. ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने आले. म्हणजे दिवाळीच्या आधीच.

सासऱ्यांनी ताबडतोब कंधारला फोन लावला. "अक्का, माझे हजार भरायलेत! ओवाळायला ये."

"पावसाळ्यातले बी धरलास व्हय? ढगातला चंद्र कुठं दिसला तुला? ते काढले तर तू आजून साठीतच हायस."

सासरे खोखो हसले. मग पलीकडून आलं, "माझे कवाच भरले की रे. कुणी मोजलेच न्हाईत."

सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसत बसले. मी अक्कांना म्हटलं, "दोन पाट मांडते. तुम्ही थोरल्या, आधी तुमचं." आणि यांना वाती वळायला बसवलं, दुप्पट.

समारंभाच्या दिवशी सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आरतीचं ताट धरलं. नीट जमेना. पाटावर ताठ बसलेल्या अक्का ओरडल्या, "सरळ धर, मुडद्या! आज तरी मला जाळू नकोस."