पाव्हणं, कुठलं?

जगात परका माणूस नावाची वस्तूच नाही, लोक नीट चौकशी करत नाहीत एवढंच, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीरामपुरात त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, पण ते आपलं टेकायला जागा म्हणून. खरा धंदा नाती शोधण्याचा. समोर कोणीही येवो, प्रश्न ठरलेले. "पाव्हणं, कुठलं? कोनाचं? मामाचं गाव कोन्तं?" तिसऱ्या प्रश्नाला भलेभले सापडतात. एकदा त्यांची मोटारसायकल ढकलत नेणाऱ्या चोराला लोकांनी धरून दुकानात आणलं. चौकशीअंती तो मावसबहिणीच्या दिराचा मेहुणा निघाला. साडूंनी त्याला चहा पाजला आणि जमलेल्या गर्दीलाच झापलं, "पाव्हण्याच्या अंगाला हात लावता व्हय?" मोतीबिंदूच्या वेळी टेबलावर आडवं पडल्यापडल्या त्यांनी डॉक्टरांचं मामाचं गाव विचारलं. डॉक्टर नात्यानं भाचेजावई लागले. त्यांनी आधी पाया पडून घेतलं, मग डोळ्याला हात घातला. जवळच्या चर्चमधले फादर मूळचे केरळचे, तिथं मात्र मामाच्या गावाचा काही उपयोग होईना. साडू फार अस्वस्थ होते. शेवटी फादरांनी काही दिवस राजूरला काढले होते असं कळलं, आणि राजूरला साडूंची आत्या दिलेली. फादर गावकीच्या नात्यानं आतेभाऊ झाले, तेव्हा कुठे साडूंना जेवण गेलं.

दर फाल्गुनात साडू प्रवरासंगमला गोदावरीचं पाणी कावडीत भरतात आणि कानिफनाथांच्या समाधीला घालायला पायी मढीला नेतात. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. कावड वडिलांची, बांबूच्या दोन टोकांना दोन तांब्याच्या कळशा. त्या घराण्याची रीत अशी, की मुक्कामाचं देऊळ येईपर्यंत कावड भुईला टेकवायची नाही आणि झाडालाही अडकवायची नाही. खांदा भरून आला तर दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर द्यायची. गेल्या साली मीही बरोबर गेलो. सोबत त्यांचे दोन मित्र होते, एक शिंपी आणि एक टेम्पोवाला. "लई सोपं हाय साडूभाऊ," निघताना साडू म्हणाले, "नुस्तं चालायचं."

नुसतं चालायचं नव्हतं. वाटेत वस्ती लागली की साडू थांबत, ओट्यावरच्या माणसाला मामाचं गाव विचारत, आणि नातं निघालं की चहा आलाच. कावड खांद्यावर ठेवून बशीतला चहा पिता येत नाही, म्हणून कावड माझ्याकडे. शिंप्याची मान धरलेली आणि टेम्पोवाला चहाच्या वेळी नेमका मागे राही. दुपारपर्यंत साडूंच्या पोटात चहा आणि माझ्या खांद्यावर गंगा, अशी कामाची वाटणी पक्की झाली होती. कांदे काढणाऱ्या बायका मला पाहून हात जोडत आणि मी पुण्यवान माणसासारखा चेहरा करून साडूंच्या नावानं बोटं मोडत असे.

कुकाण्याच्या पुढे एक फाटा आला आणि साडूंची चाल मंदावली. सरळ रस्ता त्यांच्या मूळ गावातून जात होता. शिंपी माझ्या कानाशी लागला. या गावात साडूंचा सख्खा धाकटा भाऊ राहतो आणि वाटणी झाल्यापासून दोघांत शब्द नाही. कारण काय, तर बांधावरचं चिंचेचं झाड. पुढे ते झाड वादळात पडलंही. लाकूड दोघांपैकी कोणी उचललं नाही, भांडण मात्र दोघांनी आपापल्या घरी नेलं. वडील होते तेव्हा हीच कावड दोघे भाऊ आलटून पालटून न्यायचे. "आता दर साली हितून कालव्याच्या लांबच्या वाटेनं जातो आमी," शिंपी म्हणाला. "आन् इचारायचं न्हाई काही."

कावड आता साडूंच्याच खांद्यावर होती. ते फाट्यावर उभे राहिले. कालव्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"साडूभाऊ, तुमचे पाय लई दुखाया लागलेत."

माझे पाय ठणठणीत होते. फोड टेम्पोवाल्याला आले होते. मी तसं सांगणार, एवढ्यात शिंप्यानं माझं कोपर असं दाबलं की मी लगेच लंगडायला लागलो.

"मंग जवळच्या वाटेनंच जावं लागंल," साडू म्हणाले. "तुमच्यामुळं."

गावाच्या तोंडाशी लिंबाखाली एक रांजण होता आणि शेजारी दाढीच्या पांढऱ्या खुंटांचा एक माणूस बसला होता. नाक थेट साडूंचं. आम्हाला बघून तो उठला. साडूंनी त्याला ओळखलं नसेल म्हणावं, तर डोळा भाचेजावयांनी नुकताच लख्ख करून दिलेला. दोघे एकमेकांसमोर नुसते उभे राहिले. मला वाटलं, गेलं सगळं, आता साडू मागे फिरतात.

"पाव्हणं, कुठलं?" साडूंनी विचारलं.

शिंप्यानं डोळे मिटून घेतले.

"ह्याच गावचं," तो माणूस म्हणाला.

"कोनाचं?"

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, सावकाश, पूर्ण.

"आन् मामाचं गाव?"

"कर्जत."

"माझ्याबी मामाचं कर्जतच," साडू म्हणाले.

"मंग लागत असंल कायतरी नातं."

"ह्यो रांजण तुमी भरता?"

"दर साली. कावडी सुरू झाल्या की." त्यानं तांब्या बुडवला. "काही कावडी कालव्यानं जात्यात म्हनं. त्यान्ला न्हाई मिळत."

साडूंनी ओंजळ धरायला हात सोडवून घेतले, तसा मी सवयीनं कावडीखाली खांदा द्यायला पुढे झालो. शिंप्यानं मला सदऱ्याला धरून मागे ओढलं. त्या माणसानं तांब्या रांजणावर ठेवला, पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि बांबूखाली आपला खांदा लावला.

"दादा, खांदा बदला," तो म्हणाला.

कावड सरकली. कळशीतलं पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. साडू रांजणाशी बसले आणि पाणी प्यायले, तोंडावर मारलं, पुन्हा प्यायले, पुन्हा तोंडावर मारलं. मला तर रडूच आलं, त्यात काय लपवायचं.

धाकट्यानं कावड परत दिली नाही. घरी निरोप ठेवावा, चपला घालाव्यात, काही नाही. तसाच आमच्याबरोबर निघाला. चिंचेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. गाव मागे पडल्यावर कांद्याच्या वावरातून एका म्हातारीनं साडूंना विचारलं, "कावडवाले तुमचे कोन हो?" लांबच्या भाच्याचं नातंसुद्धा अर्धा तास उलगडून सांगणारा हा माणूस. नुसतं "भाऊ" म्हणाला आणि चालू लागला.

माझा खांदा त्यानंतर मोकळाच राहिला आणि मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. लंगडणं मात्र मी मढीपर्यंत सोडलं नाही. पाय बरे झाले असं साडूंना वाटलं असतं, तर पुढच्या साली पुन्हा कालव्याची वाट यायची.