कट्ट्यापुढची फक्कीची रेघ

उमरग्यात आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचं निघालं, ते निजामाच्या राजवटीतले दिवस होते. बाजाराकडं नवी दुकानं उठत होती आणि मालाच्या मोटारी आमच्या गल्लीतून न्यायच्या होत्या. हैदराबादेकडचा मोजणीवाला आला आणि त्यानं आमच्या दारात चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. रेघेबाहेरचं सगळं रस्त्यात जाणार. रेघ नेमकी आमच्या कट्ट्यावरून गेली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कट्टा गेला तर त्यांचं निम्मं आयुष्यच जाणार होतं. दुपारी त्या तिथं डाळ निवडायच्या, बाया जमायच्या आणि मी दाराआडून ऐकायची. मला चारचौघांत बोलायची लाज, पण ऐकायची हौस दांडगी. म्हणजे कट्टा माझाही होता.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी रोजच्यासारखा सडा टाकला, कट्टा शेणानं सारवला. रेघ गडप.

"अम्मा, हमारी लकीर किधर गई?" मोजणीवाल्यानं विचारलं.

"सारवणात गेली. दारात सडा टाकायचा न्हाय व्हय आमी?"

त्यानं पुन्हा मारली. सकाळी पुन्हा सारवण. समोरच्या काकूंच्या दारातही तेच. काम सुरू होईपर्यंत रेघ तर राहायला हवी, आणि बायांना सारवू नका म्हणायची त्याची हिंमत नव्हती. शेवटी वैतागून त्यानं दोन्ही घरी फक्की देऊन टाकली. सारवून झालं की तुम्हीच मारा, म्हणाला.

"माझी सून चौथी शिकलीय," आत्या म्हणाल्या. "तिची रेघ पट्टीनं मारल्यावानी येती."

मी पदर ओढून नुसती मान हलवली.

मग रोज मी फक्की घेऊन ओणवी व्हायची आणि आत्या कट्ट्यावर पाय हलवत सांगायच्या, "जरा तिकडं सरक. लई न्हाय, बोटभर." रेघ सरळच असायची, त्यात खोट नव्हती. फक्त ती रस्त्याकडं चालत होती. कट्ट्यावरून उतरली, पायरी ओलांडली, कट्ट्याशेजारच्या कडुलिंबाच्याही पलीकडं गेली.

समोरच्या काकूही रोज बोटभर सरकत होत्या, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही.

मजूर आले त्या दिवशी मोजणीवाला दोन रेघांच्या मधे उभा राहिला. हात पसरले, तर दोन्हीकडं पुरले.

"अम्मा, यहाँ से तो बैल भी शरमा के जाता!"

बाया पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दाराआड सरकले. आत्याच पुढं झाल्या.

"तोडा कट्टा, साहेब. पण दुपारची भाकर कुठं खानार, ते आधी ठरवा."

रोज दुपारी तो आमच्याच कट्ट्यावर, लिंबाखाली डबा सोडायचा. गल्लीत दुसरी सावली नव्हती. त्यानं लिंबाकडं पाहिलं, मग डब्याकडं, आणि स्वतःच्या हातानं नवी रेघ मारली. आमच्या दाराशी ती वळसा घेऊन गेली आणि काकूंचा कट्टा अख्खा रस्त्यात गेला.

दुपारपर्यंत तो फुटलासुद्धा. संध्याकाळी काकू सूप घेऊन आमच्याकडं आल्या आणि भिंतीला पाठ टेकायच्या जागी ऐसपैस बसल्या.

"ती माझी जागा हाय," आत्या म्हणाल्या.

"होती," काकू म्हणाल्या. "रेघ सरकली."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं बोटभर सरकल्या.