अभ्यासिकेतली हवा

मी आयुष्यभर इमारतींत हवा खेळती ठेवायचं काम केलं. हिंजवडीतल्या ज्या काचेच्या कचेऱ्यांत एकही खिडकी उघडत नाही, तिथे माणसांना ताजी हवा मिळावी आणि विजेचं बिल पाहून मालकाला भोवळही येऊ नये, अशी कसरत मी वर्षानुवर्षं केली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. मग मला नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या समितीत ओढलं गेलं आणि काचेच्या इमारती किती सोप्या होत्या ते कळलं. त्यांच्या भिंतींवर पाट्या नव्हत्या.

आमच्या अभ्यासिकेत मात्र खिडकीशेजारीच पाटी होती: ‘दिवेलागणीनंतर खिडकी उघडणाऱ्याने आत आलेले डास मोजून परत बाहेर सोडावेत.’ ती आमच्या अध्यक्षांनी लिहिलेली. ते एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. कोट नसला तरी कोट घातल्यासारखे बसत.

हॉल इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथे सकाळपासून मान खाली घालून बसत. बहुतेक विदर्भातली नाहीतर मराठवाड्यातली, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली. डोक्यावर थेट स्लॅब, पश्चिमेला ओळीने खिडक्या. मार्च लागला की तिथे नुसती भट्टी होई. मुलं पुस्तकावर डोकं टेकून पेंगत आणि घामाने पानं त्यांच्या गालाला चिकटत.

समितीने उपाय शोधला होता. खिडक्या कायमच्या बंद करायच्या आणि एसी बसवायचे. त्यासाठी वीजजोडणी वाढवावी लागणार होती आणि मग फीही वाढणार होती. पूर्वेच्या खिडकीजवळ यवतमाळकडची एक मुलगी बसे. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती जिन्यात मला गाठून म्हणाली, “मॅडम, एसी लागला तर मले नाही परवडत. मी वापस जाते.” रडली वगैरे नाही. फक्त परीक्षा तोंडावर आली होती आणि तिचा आवाज खाली गेला होता. मला संताप आला. एवढ्या लांबून आलेल्या पोरीला आपण गरम हवेपायी परत पाठवणार, आणि तेही पुण्यातून! इथली हवा चांगली म्हणून लोक म्हातारपणी इथे घरं घेतात.

समितीच्या बैठकीत मी सांगून टाकलं, “मे अखेरपर्यंत हॉल माझ्या ताब्यात द्या. नाही जमलं तर एसी लावा, मी हू का चू करणार नाही.”

“अहो बाई, तुम्ही काय वाऱ्याला आमंत्रण देणार?” अध्यक्ष म्हणाले.

“वारा रोज येतोय. आपणच त्याला दारातून परत पाठवतो.”

आणि ते अक्षरशः खरं होतं. पुण्यात दिवसभर कितीही तापू दे, सूर्य कलला की छान झुळूक सुटते. आम्ही पुणेकर तिचं कौतुक परगावच्या पाहुण्यांना सांगतो आणि नेमके त्याच वेळी उठून ‘डास येतील’ म्हणत धडाधड खिडक्या लावतो. सकाळी मात्र हवेशीर असावं म्हणून त्या सताड उघडतो आणि दुपारची सगळी झळ घरात घेतो. अभ्यासिकेत तर शिपाई तसबिरीपुढे उदबत्ती लावून सगळ्या खिडक्यांना कड्या घालत असे, जणू तोही पूजेचाच भाग. दिवसभर तापलेल्या भिंतींना रात्री निवायला वावच नव्हता. छताखाली गरम हवा जायला पूर्वीच्या लोकांनी मुद्दाम ठेवलेले झरोके होते. त्यांवर कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकलेलं.

मी सगळं उलटं केलं. झरोक्यांवरचं प्लायवूड काढून जाळी लावली. खिडक्यांनाही डासांची जाळी बसवली. एका टोकाच्या झरोक्यात बाहेर हवा फेकणारा पंखा लावला. तो रात्री चालायचा, बाहेरची गार हवा खिडक्यांतून आत ओढायचा आणि भिंतींतली ऊब बाहेर काढायचा. दिवसा पश्चिमेच्या खिडक्या बंद, बाहेरून चटयांचे पडदे. दुपारी सावलीत येणाऱ्या पूर्वेच्या खिडक्या मात्र थोड्या उघड्या, कारण माणसं श्वास घेतात आणि त्यांना ताजी हवा लागतेच. छताचे पंखे होते तेच. एवढंच. त्या सगळ्याला एका एसीइतकीही वीज लागत नव्हती.

पहिले काही दिवस माझी चांगलीच फजिती झाली. “आधी कोंडलं होतं, आता अंधारलंही,” असं एक मुलगा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. शिपाई सवयीने संध्याकाळी कड्या घालून जाई, म्हणून मी रोज दिवेलागणीला जिने चढून जाऊन त्या काढत असे. गुडघे कुरकुरत. शेजारच्या इमारतीतून एका काकूंनी विचारलं, “तुमच्याकडे चोरी झाली की काय, रात्रभर उघडं असतं ते?” मी घरी येऊन चरफडत असे, पण हट्ट सोडला नाही.

आणि मग एका सकाळी मी हॉलच्या भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती. एप्रिलच्या ऐन मध्यावर, थेट स्लॅबखाली, माठासारखी गार! मी एकटीच तिथे उभी राहून हसले आणि दुसरा हातही लावून पाहिला.

पण अध्यक्षांना भिंती दाखवून उपयोग नव्हता. बैठक खालच्या एसीच्या खोलीत होती. मी कामाच्या दिवसांतलं एक छोटं यंत्र नेलं होतं; खोलीतली हवा किती शिळी झाली ते त्याला कळतं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून संपायच्या आत त्याचा लाल दिवा लागला. तोवर खजिनदार घोरायला लागले होते.

“हे यंत्र बोलणाऱ्यांना मोजतं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही, श्वास घेणाऱ्यांना. ही एसीची मशीन आतलीच हवा गार करून परत आत सोडते. खोली गार राहते, पण हवा तीच. म्हणून इथे सगळ्यांना डुलक्या येतात.”

“माझा समज होता, तुमच्या भाषणांमुळे येतात.”

“मग वर येऊन बसा. मे महिन्यातली दुपार, जेवण झाल्यावर, दोन ते चार. तुम्हीच ठरवा.”

खजिनदार खडबडून जागे झाले. अध्यक्षांची दुपारची झोप हा पेठेतला अढळ नियम होता. त्या वेळात त्यांच्या घरची बेल वाजवण्याची कुणाची छाती नव्हती. पण चारचौघांत आव्हान दिलं होतं, माघार कशी घेणार?

मेच्या एका रणरणत्या दुपारी ते आले. बाहेर डांबर मऊ झालं होतं. यवतमाळची मुलगी उठली आणि तिने त्यांना आपली खुर्ची दिली. ते जाडजूड पुस्तक उघडून बसले आणि मी मागे बसून त्यांच्या मानेकडे पाहत राहिले. मान आता कलेल, मग कलेल. ती मुलगी भिंतीला टेकून उभ्याने वाचत होती, पण तिचं पान काही उलटत नव्हतं.

मान कलली नाही. त्यांचं पान उलटत राहिलं. पंखे मंद फिरत होते, पूर्वेच्या खिडकीतून सावलीतली हवा आत येऊन वर झरोक्यांतून जात होती. चारच्या सुमारास अध्यक्षांनी पुस्तक मिटलं आणि अत्यंत नाराज चेहऱ्याने माझ्याकडे आले.

“डोळा लागला नाही. प्रयत्न केला मी. मनापासून केला,” ते म्हणाले. “निवृत्तीपासून पहिल्यांदाच झोप बुडाली. तुम्ही फार वाईट केलंत, बाई.”

मग ते खिडकीशी गेले, आपली पाटी खिळ्यावरून काढून त्यांनी काखेत धरली आणि त्या मुलीकडे वळून म्हणाले, “एसी रद्द. फी आहे तीच. बसा तुमच्या जागेवर, मी उगाच अडवून ठेवली.”

ती बसली, खुर्ची पुढे ओढली आणि त्या दुपारी पहिल्यांदाच पान उलटलं.