डिस्कचा मुहूर्त

आमच्या राहात्याच्या हॉस्पिटलातले सगळे स्कॅन, एक्सरे एका मोठ्या स्टोरेजवर साठतात, आणि ते मशीन मी सांभाळतो. गेल्या वर्षी ते गच्च भरलं. नव्या डिस्क आल्या. रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा टाकतो म्हणालो, तर मोठ्या डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं. "अवस आहे. नवं काम नको." त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी गुरुवार सांगितला. सांगणारच, माझ्या बहिणीच्या लग्नालाही त्यांनीच तोच गुरुवार काढून दिला होता.

"साहेब, त्या दिवशी घरी लग्न आहे."

"सकाळी टाक अन् जा. किती वेळ लागतोय त्याला?"

दुसरी नोकरी हातात नसली की माणूस मान डोलावतो. मीही डोलावली.

गुरुवारी नारळ फुटला, डिस्कना हळदकुंकू लागलं. मशीन जुना डेटा नव्या डिस्कवर पसरायला लागलं अन् लाईट गेली. बॅटरी म्हातारी, जेमतेम पाच मिनिटं धरते. जनरेटर हातानं चालू करावा लागतो आणि जनरेटरवाला कुठल्याशा लग्नाला गेलेला, मुहूर्तच एवढा दांडगा! मीच पळत जाऊन तो चालू केला, लाईट आल्यावर बंद केला. "हे पुरं होईस्तोवर हलू नकोस," डॉक्टर म्हणाले, "परत लाईट गेली तर? पेशंटांचे स्कॅन आहेत." त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच डोकं फिरलं.

थंडगार खोलीत नवा कुर्ता घालून मी स्क्रीनवरचे टक्के बघत बसलो. ते हलता हलेनात. पुणतांब्याहून आईचा फोन. "आरं, नवरदेवाचा कान कोन पिळनार?" तो मान नवरीच्या भावाचा, आणि भाऊ मी एकटाच. चुलतभावाला सांग म्हणालो, फोन ठेवला आणि मशीनला सणसणीत शिवी हासडली. रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

दुपार कलल्यावर सासरी निघालेली नवरीची गाडी हॉस्पिटलच्या दारात थांबली. शालू सावरत बहीण थेट माझ्या खोलीत आली, मागं नवरदेव.

"कुनालाच पिळू दिला न्हाई," ती म्हणाली. "पिळ."

तो वाकला. मी पिळला, जरा जोरातच. त्यानं हसत टॉवेल-टोपी माझ्या हातात दिली. ती पाया पडली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला गाडीपर्यंत सोडावं म्हणून मी निघालो, तेवढ्यात लाईट गेली.

"जा दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझं मशीन बंद पडंल."

मी मागच्या दारानं पळालो. जनरेटर धडधडायला लागला, आणि त्या आवाजात तिची गाडी निघालेलीसुद्धा मला ऐकू आली नाही.