मोगऱ्यात गेली माझ्या माशांची अंडी

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली पिशवी न विचारता उचलायची, ही कुठली रीत? आपल्या बिल्डिंगच्या सगळ्या ग्रुपला कळू दे म्हणूनच इथे लिहिते.

मी किलीफिश पाळते. हा मासा काही महिनेच जगतो, पण त्याची अंडी ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, महिनोन्‌महिने टिकतात. वेळ झाली की ते पाण्यात टाकायचं, पिल्लं निघतात. माझी जोडी दिवाळीतच मेली. तिचा सगळा वंश त्या एका पिशवीत होता.

आज सकाळी बघते तर पिशवी गायब. वरच्या मजल्यावरच्या नंदावहिनी काल चहाला आल्या होत्या, त्यांनाच विचारलं.

"अगं, ते खत ना? मोगऱ्यात घातलं. पडूनच तर होतं!"

"वहिनी, त्यात माझ्या माशांची अंडी होती!"

"मातीत मासे? काहीतरीच यार तुझं!" आणि खो खो हसल्या.

हसा, खुशाल हसा. माझ्या हातचं लोणचं तुमच्या घरी आजपासून बंद.

आणि वहिनी, त्या कुंडीत पाण्याचा थेंब घालू नका, पिल्लं निघून तिथेच तडफडून मरतील. रविवारपर्यंत कुंडी माझ्या दारात आणताय, की खुरपं घेऊन येऊ आणि तुमचा मोगरा मुळासकट उपटू? इथेच, सगळ्यांसमोर सांगा.