शालिनीताईंची अर्धी मॅरेथॉन

शालिनीताई जगताप कुठेही गेल्या की आधी टेकायला भिंत शोधायच्या. "पाठ मागते हो," म्हणायच्या आणि टेकल्यावरच बोलायला लागायच्या.

मला पहिल्यांदा दिसल्या त्याही अशाच, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका अर्धवट इमारतीच्या भिंतीला टेकलेल्या. त्या इमारतीत माझा फ्लॅट व्हायचा होता. दर रविवारी मी तो कुठवर आला ते बघायला जायचो. खाली पत्र्याच्या खोलीत मजुरांच्या मुलांचं पाळणाघर होतं. मुलांशी हिंदीत बोलणाऱ्या त्या बाई अचानक ओरडल्या, "अगं, नाक पूस आधी!" दिल्लीत येऊन मला वर्ष झालं होतं. माझे पाय तिथेच थबकले.

त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ताई एका लहानशा संस्थेतर्फे पाळणाघर चालवायच्या. सकाळी दार उघडायच्या तेव्हाच दमलेल्या दिसायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, थोडी सुट्टी घ्या की." तर म्हणाल्या, "सुट्टीत जास्त दमायला होतं. घरी बसून या पोरांचीच काळजी करते."

त्या हिवाळ्यात देणग्या आटल्या. पाळणाघर बंद करायची वेळ आली. गुडगावातली माझी कंपनी मदतीला तयार झाली, पण एक अट होती: संस्थेच्या कुणीतरी शहरातली अर्धी मॅरेथॉन पूर्ण करायची. नव्या कंपन्यांना तेव्हा अशी हौस होती. संस्थेतला एक तरुण शिक्षक धावणार होता, त्याला टायफॉइड झाला.

"मी धावते," पन्नाशी उलटलेल्या ताई म्हणाल्या.

"अगं, जिना चढताना दोनदा थांबतेस तू," सुभेदार म्हणाले.

"मग तिथंही थांबेन. थांबायला मनाई आहे का?"

महिनाभर त्या सेक्टरांच्या मोकळ्या रस्त्यांवर पहाटे धावल्या. मागे सायकलवर सुभेदार, मफलर गुंडाळलेले. "मजा वगैरे काही येत नाही हो," ताई मला म्हणाल्या, "लोक उगीच सांगतात."

स्पर्धेच्या दिवशी मी शेवटाकडच्या एका टेबलावर पाणी वाटत होतो. गर्दी कधीच सरली होती. मग ताई आल्या, पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट, चालत. मागे रेंगाळलेल्यांना उचलणारी गाडी होती. ताई दुभाजकावर बसल्या. बुटाच्या टाचेवर रक्त आलं होतं.

"ताई, बास झालं. गाडीत बसा. कंपनीतल्या साहेबांना मी समजावतो."

त्यांनी बुटाची नाडी पुन्हा घट्ट बांधली. मग म्हणाल्या, "पाळणाघर नव्हतं ना, तेव्हा साइटवरच्या हौदातून एक पोरगी मी बाहेर काढली होती. आई वरच्या मजल्यावर विटा वाहत होती. तिला खाली बोलवायला मलाच जावं लागलं."

पोरगी वाचली का, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना उठवलं आणि शेवटपर्यंत सोबत चाललो.

आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवत होते. आमचे साहेब फोटो काढून घरी गेले होते. एक माणूस शेवटच्या रेषेवरचा गालिचा गुंडाळत होता.

"भैया, जरा रुको," ताई म्हणाल्या, "मुझे इसके ऊपर से जाना है."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि गालिचा पुन्हा अंथरला.

साहेबांनी कुरकुरत का होईना, शब्द पाळला. इमारत पुरी होईपर्यंत पाळणाघर चाललं. मग मजूर मानेसरकडे गेले, तशा ताईही शेअर ऑटोने रोज तिकडे जाऊ लागल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा दोघांनी साताऱ्याकडे परतायचं ठरवलं. मानेसरचं पाळणाघर तोवर दुसऱ्या बाईंच्या हाती गेलं होतं.

निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. आभाराचं काहीतरी बोलायचं मनात जुळवत होतो. सामान लावून खाली उतरलो आणि खिडकीपाशी आलो, तर गाडी हलायच्या आधीच ताईंना गाढ झोप लागली होती. सुभेदार त्यांना हलवायला वाकले. मी बाहेरूनच हात हलवून त्यांना नको म्हटलं.