आगमनकाळात येलहंकाला, वाईट बातमी घेऊन

नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना आम्ही ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतो. प्रभूची वाट बघायला शिकायचे हे दिवस. माझा सल्ला विचाराल तर शहराच्या दक्षिण टोकाच्या एचएसआर लेआउटहून उत्तर टोकाच्या येलहंकाला जा, आपोआप शिकाल. शहर एकच, पण प्रवास परगावचा.

मी निघाले ती कॅनडातल्या आतेभावाच्या फोनमुळे. "स्नेहल, यंदाही जमत नाही गं. आईला तू समक्ष सांग ना. फोनवर रडेल ती." दर नाताळला सॅमी येणार असतो आणि दर नाताळला येत नाही. रूथआत्या मात्र पलंगावर नवी चादर घालून ठेवते. यंदा तिचा हिरमोड करायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, येलहंकापर्यंत मेट्रो अजून नाही. मॅजेस्टिकच्या मुख्य बसस्थानकाला उतरा, इडली-वडा खा, मग बस धरा. सांबार गोड लागेल, कुरकुर करू नका. हेब्बाळच्या पुलावर बस थांबली ती थांबलीच. "अजून किती?" विचारल्यावर कंडक्टर कानडीत म्हणाला, "स्वल्प." त्या थोड्या वेळात सॅमीच्या वतीने करायचं माझं भाषण पाठ झालं आणि विसरूनही झालं.

"सलाम, पोरी! आलीस!" आमच्या ख्रिस्ती रीतीने सलाम करत आत्याने दारातच मिठी मारली. बाजूला घेऊन सांगावं, तर बैठकीत प्रार्थनासभेची मराठी मंडळी जमलेली. पाळकसाहेब हेब्बाळला अडकलेले. ते आले, घाम पुसला आणि प्रभू अचानक येईल, तयार राहा, असा संदेश दिला. कुणीही हसलं नाही.

मग साक्षी सुरू झाल्या. देवाने वर्षभर आपल्याला कसं सांभाळलं, हे प्रत्येकाने उभं राहून सांगायचं असतं. एका काकांच्या बोअरवेलला पाणी लागलं होतं. मग माझी पाळी आली. "बसमध्ये बसायला जागा मिळाली," म्हटलं आणि खाली बसले. मंडळींनी भिडेखातर आमेन म्हटलं.

शेवटी आत्या उठली. "सॅमी यंदा येत नाही. मला आधीच सांगितलंय त्याने. रडले मी. मग त्याला म्हटलं, सरी, ठीक आहे, तू नाही तर नाही, पण स्नेहलला निरोप घेऊन पाठव. नुसतं बोलावलं की तिला काम असतं. ही बघा, आली! देव विश्वासू आहे."

"आमेन!" मंडळी या वेळी मनापासून म्हणाली. मी मान खाली घालून बसले होते. रागही आला होता आणि रडूही.

"चादर तुझीच आहे, गं," आत्या नंतर म्हणाली. "राहशील ना?" राहिले.

घरी परतल्यावर सॅमीला फोन करून भरपूर झापलं. तो आधी हसला, मग हळूच म्हणाला, "कशी आहे आई?" "येऊन बघ," मी म्हटलं.

देवाच्या विश्वासूपणाची मला आत्याइतकी खात्री नाही. पण मी यावं म्हणून कुणी एवढा खटाटोप केला, हे काही मनातून जात नाही. पुढच्या रविवारी परत निघतेय. या वेळी कुणाचा निरोप नाही. नुसतीच जातेय.